चार वादक आणि पाचवा श्रोता



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आज आम्ही इंग्लंडातील एका रॉक वाद्यवृंदावर बोलणार, हे वाचून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांच्यावर आमचा मुळीच राग नाही. हे संगीत म्हणजे नुसता गोंगाट, असे आम्हीही पुष्कळ वर्षे म्हणत होतो. 'क्वीन' ह्या वृंदाची हकीकत समजून घेतली आणि आमचे मत बदलले. ते का बदलले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपले तुळिंज नालासोपाऱ्याच्या पूर्वेस. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. येथला व्यापार समुद्रापार चाले. त्याच समुद्राच्या पैलतीरी, आफ्रिकेजवळ, झांझिबार बेट आहे. तेथे ५ सप्टेंबर १९४६ रोजी एका पारशी घरात फारुख बलसारा जन्मला. आडनाव वलसाडचे, म्हणजे आपल्याच रेल्वेमार्गावर उत्तरेकडे असलेल्या गावाचे. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल. त्यांनी मुलाला आठव्या वर्षाच्या सुमारास शिकण्यासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले.

मुलाला संगीताचे अंग आहे, हे शाळेच्या ध्यानात आले. थोडी जादा फी भरल्यास त्याला पियानो शिकता येईल, असे मुख्याध्यापकांनी पालकांना कळवले आणि पालकांनी ती भरली. १९५८ च्या सुमारास पाच शाळासोबत्यांनी 'हेक्टिक्स' नावाचा वृंद काढला. फारुख त्यात पियानो वाजवी. पुढे जगाने ज्याला डोक्यावर घेतले, त्याचे पहिले श्रोते हे असे साताऱ्याच्या डोंगरावरचे शाळकरी मुलगे होते.

१९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाने इंग्लंड गाठले. फारुख चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकू लागला. तेथील एका सहाध्यायाचा 'स्माइल' नावाचा वृंद होता. फारुख त्याचा चाहता झाला. १९७० साली तो सहाध्यायी बाहेर पडला आणि कालचा श्रोता आज गायक झाला. त्याने स्वतःस फ्रेडी मर्क्युरी हे नाव घेतले आणि वृंदास 'क्वीन' हे. सोबत ड्रम वाजवणारा रॉजर टेलर आणि भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ब्रायन मे. मे याची गिटार त्याने व वडिलांनी मिळून घरीच घडवलेली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची! १९७१ मध्ये जॉन डीकन आला आणि चौघे पुरे झाले.

१९७५ साली त्यांनी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गीत सिद्ध केले. ते जवळजवळ सहा मिनिटांचे. इतके लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, अशी शंका जाणकारांनी काढली. पण लंडनच्या एका निवेदकाने ते पुन्हा पुन्हा वाजवले, ऐकणाऱ्यांनी मागणी केली, आणि ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. आपले श्रोते गप्प बसत नाहीत, सोबत गाऊ लागतात, हे ह्या चौघांनी पाहिले. दुसरा एखादा कलावंत त्रासला असता. ब्रायन मे याने मात्र १९७७ साली श्रोत्यांसाठीच 'वुई विल रॉक यू' हे गीत रचले. दोनदा पाय आपटावयाचा, एकदा टाळी वाजवावयाची, हाच त्याचा ताल. गिटार येते ती शेवटाला. गणपतीच्या आरतीत ज्याला टाळ मिळत नाही तो हातांनी ताल धरतो. गळा बरा की वाईट, कोणी विचारीत नाही. तीच ही युक्ती. भाषा न कळणाऱ्यासही त्यात जागा आहे, म्हणून ते देशोदेशी पोहोचले.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळपीडितांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर कार्यक्रम झाला. समोर सुमारे ७२,००० माणसे, आणि क्वीनला मिळाली वीसेक मिनिटे. मर्क्युरीने एक तान घ्यावी आणि साऱ्या मैदानाने ती परत द्यावी, असा तो प्रकार होता. कीर्तनकार आणि श्रोते यांच्यातील देवघेव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सच्या विकाराने मर्क्युरीचे निधन झाले. आता तो आपलाच, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. पण बंधुभगिनींनो, कीर्ती झाल्यावर आपला म्हणणे सोपे. तुळिंजच्या दाटीवाटीच्या इमारतींत एखादा मुलगा डबा बडवून ताल बसवू लागला की भिंतीवर थाप पडते. थाप मारणाऱ्याचेही खरे आहे. पहाटेची गाडी गाठून रात्री परतलेल्या माणसाला झोप हवी. म्हणून आमची विनंती एवढीच, की आपापल्या सोसायटीने गच्चीवर किंवा कार्यालयाच्या खोलीत संध्याकाळचा एक तास ह्या मुलांना नेमून द्यावा, आणि आठवड्यातून एकदा आपण स्वतः तेथे जाऊन बसावे. पाचगणीत फारुखला हेच मिळाले होते.