शजरा काढू या, तुटक रेषांसकट

(चांदवड येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ड्रॉ डॉट आयओ हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याची डेस्कटॉप आवृत्ती इंटरनेटशिवायही चालते. त्यात अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांच्या क्लाउडची चिन्हं ढिगानं मिळतात. माझं रोजचं काम त्यांच्यावरच चालतं. तलाठी, सेतू केंद्र, प्रांत कार्यालय, जात पडताळणी समिती मात्र त्यात शोधून सापडणार नाहीत. ज्यांना जे लागलं ते त्यांनी बनवलं. आपल्याला लागतं ते आपण बनवू.

आपल्याला काय लागतं? ओबीसीचा दाखला. तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यासाठी शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्र पालथा घातला, दिलीपकुमार त्यांच्या व्यासपीठावर आले. पण यादीत जमात असली म्हणून हातात दाखला येत नाही. आपलं कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ रोजी महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवावं लागतं, आणि त्या माणसापासून आपल्यापर्यंतची वंशावळ जोडावी लागते. अर्ज अडतो तो इथं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’. चुलत आजोबांच्या दाखल्यावर ‘तांबोळी’. वडिलांच्या कागदावर आडनाव ‘शेख’. घरात सगळ्यांना माहीत असतं की ही एकाच घरची माणसं. कागदाला ते माहीत नसतं.

म्हणून मी जो आकृतिसंच दाखवतोय, त्यात सगळ्यात महत्त्वाची चौकट कार्यालयाची नाही, माणसाची आहे. तिच्यात पाच ओळी: नाव कागदावर आहे तसंच, नातं, कोणता कागद, कोणतं साल, आणि जातीची नोंद शब्दशः. कागद हातात असेल तर कड सलग. नुसतं घरच्यांच्या सांगण्यावर असेल तर कड तुटक. दोन माणसांना जोडणाऱ्या बाणालाही हाच नियम, कारण बापलेकाचं नातंसुद्धा कागदानंच सिद्ध व्हावं लागतं. अशी वंशावळ काढली की कुठला कागद शोधायला जायचंय ते पाच मिनिटांत दिसतं. जन्ममृत्यूची नोंदवही, जुनी शाळा, महसुलाचे कागद. वडिलांकडच्या नात्यात कुणाला वैधता प्रमाणपत्र मिळालं असेल, तर ती चौकट ठळक करा. समितीपुढे तो वजनदार पुरावा असतो.

आणखी एक. आपल्याकडचे जुने शजरे आठवा. मुलगे, नातू, पणतू. मुलींची नावंच नसतात. या संचात मुलाची आणि मुलीची चौकट वेगळी नाही. लग्न झालेल्या बहिणीचा दाखलाही तिच्या वडिलांच्या बाजूनंच मिळतो, पण तिच्या आधारवर सासरचं नाव असतं. त्यामुळे ‘नावातील बदल’ असा एक छोटा आकार मुद्दाम केलाय. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र तिथं लिहायचं. टोपी, दाढी, बुरखा असलेली चित्रं कुणीतरी सुचवली होती. ती मी घेतली नाहीत. नागरिकाचा आकार एकच पुरे.

आता करायचं कसं. ‘फाइल’मध्ये ‘न्यू लायब्ररी’ घ्या, ती आपल्या संगणकावरच ठेवा. डावीकडे रिकामा कप्पा उघडतो. चौकट आणि तिच्या ओळी एकत्र निवडून कंट्रोल-जी दाबा आणि ओढून त्या कप्प्यात सोडा. कप्प्यावरच्या पेन्सिलीवर टिचकी मारली की प्रत्येक आकाराला नाव देता येतं. सेव्ह केल्यावर एक एक्सएमएल फाइल तयार होते. तीच दुसऱ्याला पाठवायची. तो ‘ओपन लायब्ररी फ्रॉम’मधून ती उघडेल.

दोन गोष्टी जपा. कप्प्यातला आकार बदलला म्हणून आधी काढलेल्या आकृत्या बदलत नाहीत, कारण तिथं त्याची प्रत गेलेली असते. कार्यालयाच्या आकारात शुल्क किंवा मुदत लिहिली असेल तर शेजारी तारीख टाका, नाहीतर जुनाच आकडा गावभर फिरेल. दुसरं, एसव्हीजी काढाल तर काही ठिकाणी मराठी अक्षरं दिसणारच नाहीत. ‘वर्ड रॅप’ आणि ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ बंद करा, किंवा सरळ पीएनजी काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर तसंही तेच चालतं. पण घराच्या नावांसह भरलेली वंशावळ गटात टाकू नका. कोरा संच फिरू द्या, भरलेला घरात राहू द्या.

कार्यालयांचे आकार थोडेच आहेत. एक मात्र विसरू नका: अपिलाचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. आपल्या बहुतेक तक्त्यांत बाण ‘नामंजूर’पाशी येऊन थांबतो. या संचात ‘नामंजूर’च्या आकारालाच पुढचा बाण जोडलेला आहे, तो काढू नका.

पेनड्राइव्ह पहिल्या रांगेतून फिरवतोय. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी शेजाऱ्याकडे बसा. प्रत्येकानं आपल्या आजोबांची चौकट आधी काढा. साल आठवत नसेल तर घरी फोन लावा, मी थांबतो.