वृद्ध कुत्र्यांतील बुद्धिभ्रंश : ओळख आणि निगा



दहा-बारा वर्षे अंगणाची इमानाने राखण केलेला कुत्रा रात्री विनाकारण भुंकू लागतो, घरच्याच माणसावर गुरगुरतो, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. घरात कोणी म्हणते, 'म्हातारचळ लागला'. शेजारी म्हणतो, 'पिसाळला'. पहिल्या समजुतीमुळे उपचार राहून जातात, तर दुसरीमुळे प्रसंगी निरपराध प्राण्याचा जीव जातो. यास्तव या विकाराची ओळख असणे अगत्याचे आहे.

वार्धक्यात कुत्र्याचा मेंदू आकुंचन पावतो व त्यात बीटा-अमायलॉइड नामक प्रथिन साचते. माणसाच्या अल्झायमर विकारातील बदलांशी याचे पुष्कळ साम्य आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११ ते १२ वर्षे वयाच्या २८ टक्के, तर १५ ते १६ वर्षे वयाच्या ६८ टक्के कुत्र्यांत याचे एखादे तरी लक्षण आढळले.

लक्षणे मुख्यत्वे पाच प्रकारची असतात. ओळखीच्या जागी वाट चुकणे. माणसांशी वागणूक बदलणे. दिवसा झोपून रात्री फेऱ्या मारणे. सवय असूनही घरात घाण करणे. आणि हालचालीत मांद्य किंवा निरर्थक येरझारा. मात्र मोतीबिंदू, बहिरेपणा, सांधेदुखी, मधुमेह, मूत्रपिंडाचे व मूत्रमार्गाचे रोग यांतही अशीच चिन्हे दिसतात. म्हणून प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी करून घ्यावी.

रेबीजविषयी गाफील राहून चालणार नाही. गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले, तरी वार्षिक लसीकरण आवश्यकच आहे. बुद्धिभ्रंश महिनोन् महिने हळूहळू वाढतो. रेबीजमध्ये बदल एकाएकी होतो, लाळ गळते, गिळता येत नाही आणि लक्षणे दिसल्यापासून साधारणपणे दहा दिवसांच्या आत मृत्यू ओढवतो. बदल अचानक झाला असेल, तर कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नये, मुलांना दूर ठेवावे व पशुवैद्यकास कळवावे. चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब रुग्णालयात जावे.

बुद्धिभ्रंश समूळ बरा होत नाही. परंतु त्याची गती मंदावता येते. जेवण, फिरणे व झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. अंथरूण व पाण्याचे भांडे यांची जागा बदलू नये. रात्री मंद दिवा ठेवावा. विहिरीला कठडा व फाटकाला कडी असावी. दिवसातून अनेकदा शौचास बाहेर न्यावे. चूक झाल्यास मारू नये. मार कशाबद्दल मिळाला, हे त्यास उमगत नाही आणि भय मात्र वाढते. बीगल जातीच्या वृद्ध कुत्र्यांवरील दीर्घ अभ्यासात पोषक आहार व मेंदूला चालना देणारे खेळ यांच्या जोडीचा परिणाम एकेकट्या उपायापेक्षा अधिक चांगला दिसला. गवतात खाऊ लपवून शोधायला लावणे हा असाच बिनखर्ची खेळ होय. सेलेजिलीन हे औषधही उपलब्ध असून अमेरिकेत १९९८ साली या विकारासाठी त्यास मान्यता मिळाली. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. माणसांची वेदनाशामके किंवा झोपेच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. त्या प्राणघातक ठरू शकतात.

म्हातारा कुत्रा बाजारात किंवा दूरच्या रस्त्यावर सोडून येण्याची रीत काही ठिकाणी दिसते. वाट विसरलेला प्राणी तेथे भुकेने अथवा वाहनाखाली मरतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमानुसार पाळीव प्राण्यास असे टाकून देणे हा अपराध आहे.

शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांस द्यावी. मुलांच्या द्वारे ती घरोघर पोहोचते. ज्याने उमेदीची सारी वर्षे दारात काढली, त्याचे अखेरचे दिवस त्याच दारात सुखाने जावेत, एवढी काळजी प्रत्येक कुटुंबास घेता येण्याजोगी आहे.