नेट जोरात, पण पॅक तेवढाच

आज बचतीचा विषय नाही. पण आपल्या कमरेच्या पिशवीतून जाणाऱ्या पैशाचाच विषय आहे. हल्ली कुठल्याही गटाच्या बैठकीला जा, एक वाक्य हमखास कानावर येतं, "ताई, नेट संपलं!" पॅक चालू असतो, रेंजही असते, आणि दुपारी बाराच्या आत दिवसाचं नेट संपलेलं असतं.

पूर्वी आपली तक्रार वेगळी होती. रेंज मिळवायला टेकाडावर चढावं लागायचं. काही पाड्यांवर अजूनही चढावं लागतं. पण जिथे टॉवर आला, तिथे नेटचा वेग वाढला, आणि ही नवी तक्रार सुरू झाली.

असं का होतं? उन्हाळ्यात टँकरचं पाणी टाकीत पडतं ना, तसं समजा. टाकीला जाड नळ बसवला तर हंडा पटकन भरेल. पण टाकीतलं पाणी वाढणार नाही, उलट लवकर संपेल. दिवसाला दीड जीबी ही आपली टाकी. वेग म्हणजे नळ. नेट जोरात आहे असं दिसलं की व्हिडिओ दाखवणारं ॲप आपोआप जास्त स्वच्छ चित्र दाखवायला लागतं. स्वच्छ चित्राला नेट जास्त लागतं. असा व्हिडिओ तासाभरात एक जीबीच्या वर खातो. तोच व्हिडिओ थोड्या धूसर चित्रात पाहिला, तर साधारण तीनशे एमबीत भागतं. शिवाय एक रील बघत असतानाच फोन पुढच्या रील आणून ठेवतो. आपण त्या बघितल्या नाहीत तरी नेट गेलेलंच असतं.

आणि दिवसाचं नेट संपल्यावर काय उरतं? बहुतेक पॅकमध्ये ६४ केबीपीएसचा वेग. त्या वेगाने एक एमबी जायला दोन मिनिटं लागतात. तीन एमबीचा फोटो सहा मिनिटं गरगर फिरत राहतो, आणि शेवटी "पुन्हा प्रयत्न करा" असं येतं.

आता यात आपलं काय अडतं ते बघा. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर हजेरी मोबाईलवरूनच घ्यायची सक्ती झाली. मेटताई दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढते. तो फोटो वर गेला नाही, तर अख्ख्या कामावरच्या बायांची हजेरी लटकते. घाम गाळला सगळ्यांनी, आणि अडलं कुठे, तर एका फोनच्या नेटवर. सीआरपी ताईची माहिती भरायची, अंगणवाडीची नोंद करायची, लाडकी बहीणची ई-केवायसी करायची, सगळं त्याच दीड जीबीतून.

पैशाचा हिशोब तर आपण गटात रोजच करतो, हाही करू. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले. रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा जिओचा पॅक २३९ वरून २९९ रुपये झाला. एअरटेलचा तसाच पॅक २९९ वरून ३४९ झाला. १ एप्रिल २०२५ पासून आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी झाली दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे एक रिचार्ज म्हणजे जवळजवळ एक दिवसाची मजुरी. आणि महिना २८ दिवसांचा धरल्यामुळे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. घरात दोन फोन असले तर सव्वीस.

मग करायचं काय? मुलांच्या हातून फोन हिसकावून घेणं हा उपाय नाही. त्यांचा अभ्यासही त्यातच असतो. चार गोष्टी करा.

एक, वॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "स्टोरेज अँड डेटा"मध्ये जा. तिथे मोबाईल डेटावर फोटो, व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. सकाळच्या सुप्रभातचे पन्नास व्हिडिओ तिथेच थांबतील. हवा तो दाबून बघा.

दोन, यूट्यूबच्या सेटिंगमध्ये व्हिडिओच्या दर्जाला "डेटा सेव्हर" निवडा. आवाज तोच राहतो, चित्र थोडं धूसर होतं, एवढंच.

तीन, प्ले स्टोअरमध्ये ॲप आपोआप अपडेट होणं फक्त वायफायवर ठेवा.

चार, सरकारी काम, हजेरी, बँक हे आधी. रील, सिनेमा त्यानंतर. ही शिस्त घरात सगळ्यांना सांगा. दिवसाचं उरलेलं नेट बहुतेक पॅकमध्ये रात्री बाराला वाया जातं. त्यामुळे मुलांना सांगायचं, "कामं आटोपली की रात्री उरलेलं तुमचं."

"५जी फुकट आहे" असं दुकानदार सांगतो, तेव्हा नीट विचारा. जिओ आणि एअरटेलने जुलै २०२४ मध्ये ते रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवर ठेवलं होतं. फोन ५जीचा लागतो आणि पाड्यावर ५जीची रेंजही लागते. यातलं एकही नसेल तर जास्तीचे पैसे देऊ नका.

ज्या आजीकडे बटणांचा फोन आहे, तिला नेटचा पॅक कशाला? २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम केला, की प्रत्येक कंपनीने नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅकही ठेवलाच पाहिजे. दुकानात तो मागून घ्या. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या बायांनी तर आधारला जोडलेला नंबर बंद पडू देऊच नये. ओटीपी त्याच नंबरवर येतो. नंबर बंद पडला की केवायसी अडते, आणि केवायसी अडली की हप्ता अडतो.

शेवटचं आणि महत्त्वाचं. मेटताई स्वतःच्या पदराने रिचार्ज मारते आणि पंचवीस जणींची हजेरी लावते, हे बरोबर नाही. काम सरकारचं, फायदा सगळ्यांचा, खर्च मात्र एकटीचा. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. मेटताईच्या रिचार्जचा खर्च कुठून द्यायचा, याचा ठराव लिहा आणि तो ग्रामसभेत मांडा. ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी चालू असेल, तर हजेरीच्या आणि केवायसीच्या कामासाठी ती बायांना वापरू द्या, हेही त्याच कागदावर लिहा. कागदावर आलं की विचारता येतं.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी चूल पेटवण्याआधी पाच मिनिटं काढा. घरातल्या शिकलेल्या पोरीला जवळ बसवा आणि वॉट्सॲपची ती एक सेटिंग बदलून घ्या. मग शेजारणीच्या फोनमध्येही बदलून द्या.