बालमृत्यूंचा हिशेब कोण ठेवणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा, वक्त्यांनी स्वतः तपासून दिलेला मजकूर.)



एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या कचेरीत मी वीसएक वर्षे काम केले. तिचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. मी जे सांगणार आहे ते एका संस्थेचे गाऱ्हाणे नसून एका कामाचे स्वरूप आहे. मी डॉक्टर नाही आणि परिचारिकाही नाही. एवढ्या वर्षांत एकाही आजारी मुलाच्या कपाळाला मी हात लावलेला नाही. निरनिराळ्या देशांतून आलेल्या तक्त्यांवरून तेथे दर हजार जन्मांमागे पाच वर्षांच्या आत किती मुले दगावतात, हे ठरविणाऱ्यांपैकी मी एक होते. हे काम कोरडे वाटते. परंतु औषधे कोठे जातील, पैसा कोणाला मिळेल आणि कोणते सरकार जगापुढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहील, हे पुष्कळदा याच कोरड्या कामावर ठरते. म्हणून कार्यकर्त्यांनी ते समजून घेतले पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. ज्या देशांत प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद होते तेथे प्रश्न सोपा आहे. परंतु मुले जेथे सर्वांत अधिक मरतात, नेमक्या त्याच देशांत नोंद सर्वांत कमी होते. तेथे आयांना विचारावे लागते. १९६० च्या दशकात विल्यम ब्रास या लोकसंख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तुम्हांला किती मुले झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, एवढ्या दोन प्रश्नांवरूनही मृत्यूदराचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. पुढे १९८४ पासून अमेरिकी सरकारच्या पैशाने अनेक गरीब देशांत मोठी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे सुरू झाली. त्यांत बाईला तिच्या प्रत्येक अपत्याविषयी ओळीने विचारतात : जन्म केव्हा झाला, ते हयात आहे का, नसल्यास किती दिवसांचे, महिन्यांचे किंवा वर्षांचे होऊन गेले. आपल्याकडे मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९२-९३ पासून चालविलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणे याच धर्तीची आहेत.

कचेरीत बसून हे तक्ते वाचताना माणसाचे मन आकड्यांतून डोकावू लागते. बाराव्या महिन्यात झालेल्या मृत्यूंचा ढीग एकदम वाढलेला दिसतो. मृत्यू बाराव्या महिन्यात काही अधिक होत नाहीत. मूल दहा महिन्यांचे होते की चौदा, हे आईला नेमके आठवत नाही आणि ती ‘वर्षाचं होतं’ असे सांगते. गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांसाठी प्रश्नावलीत लांबलचक पुरवणी असते. म्हणून दमलेला प्रश्नकर्ता एखाद्या मुलाचे जन्मसाल हळूच एक वर्ष मागे सारतो आणि आपले काम वाचवितो. शिवाय जी आई स्वतःच मरण पावली तिला कोणी काही विचारू शकत नाही. एड्सची साथ असलेल्या आफ्रिकी देशांत या एका कारणाने बालमृत्यूचा दर खऱ्यापेक्षा कमी दिसे, आणि तो वेगळे गणित करून सुधारावा लागे.

सर्वांत अवघड दोष मला कचेरीत नव्हे, घरी कळला. एकदा रजेवर आले असताना नव्या प्रश्नावलीची चाचणी म्हणून मी माझ्या आईलाच प्रश्न विचारले. मुले किती झाली? ‘चार.’ आम्ही चौघे भावंडे आहोत, तेव्हा उत्तर बरोबरच होते. त्या प्रश्नावलीत पुढे खोदून विचारण्याचा एक प्रश्न असतो : जन्मतः रडले, हालचाल केली, पण जगले नाही, असे एखादे मूल होते का? तो मी केवळ नियम म्हणून वाचला. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘होता एक. तुझ्या आधीचा. बारसंसुद्धा झालं नव्हतं त्याचं.’ मी तिची पोटची मुलगी, आणि वयाची चाळिशी उलटल्यावर हे मला एका छापील प्रश्नामुळे समजले.

साथींनो, हा केवळ माझ्या घरचा प्रसंग नाही. २०२२ साली जगात पाच वर्षांखालील सुमारे ४९ लाख मुले दगावली. त्यांपैकी जवळजवळ निम्मी आयुष्याच्या पहिल्या महिन्यातच गेली. म्हणजे जे मृत्यू सर्वांत अधिक होतात तेच सर्वांत सहज गाळले जातात. नाव ठेवण्याआधी गेलेले मूल घर मोजत नाही, गाव मोजत नाही आणि मग सरकारही मोजत नाही.

एवढे दोष असूनही हा हिशेब निरुपयोगी आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. १९९० साली जगात सव्वा कोटीहून अधिक मुले पाचवा वाढदिवस पाहू शकली नव्हती आणि दर हजारी ९३ होता. २०२३ साली ही संख्या ४८ लाखांवर आणि दर ३७ वर आला. लसी, स्वच्छ पाणी, मुलींचे शिक्षण, जलसंजीवनी अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. जलसंजीवनीची कथा तर आपल्याच भूमीतली आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून त्या पाण्यात मिसळून पाजविल्या. तेथे शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ च्या खाली आले. हे जगाला पटले, कारण त्या छावणीत कोणी तरी मेलेल्यांची आणि वाचलेल्यांची मोजदाद ठेवली होती.

परंतु मोजदाद जशी मुलांच्या उपयोगी पडते तशी ती मोजणाऱ्यांच्याही उपयोगी पडते. १९७८ साली आल्मा-आता येथील परिषदेत जगातील सरकारांनी सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा केली. तिच्यात अन्न, पाणी आणि लोकसहभाग यांचा समावेश होता. वर्षभरातच पैसेवाल्यांच्या वर्तुळात दुसरा सूर निघाला : एवढे सगळे परवडणार नाही, कमी खर्चात अधिक जीव वाचविणारे मोजके उपाय निवडा. १९८० च्या दशकात युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी वाढीची नोंद, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण यांवर भर देऊन लक्षावधी मुले वाचविली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच दशकात कर्जबाजारी देशांवर खर्चकपातीची सक्ती होत होती आणि तिचा फटका मुलांना बसत होता. १९८७ साली युनिसेफनेच प्रवर्तित केलेल्या अभ्यासात कॉर्निया, जॉली आणि स्ट्युअर्ट यांनी ते पुढे आणले. एका हाताने लस द्यायची आणि दुसऱ्या हाताने दवाखान्याचे अनुदान कापायचे, असा तो व्यवहार होता. पहिल्या हाताचा हिशेब दरवर्षी गुळगुळीत कागदावर छापून येई. दुसऱ्या हाताचा हिशेब कोणी मागत नसे.

आमच्या कचेरीतही हेच वारे होते. कोणताही अंदाज सांगताना आम्ही पल्ला देत असू : दर अमुकपासून तमुकपर्यंत असू शकतो. देणगीदारांची बैठक जवळ आली की वरिष्ठ म्हणत, ‘पल्ला नको, एक आकडा द्या.’ मी तो देत असे. त्यात कोणी खोटे बोलत नव्हते, पण आमची शंका आम्ही तळटीपेत ढकलत होतो.

आता मी माझ्या आणि कदाचित आपल्यापैकी काहींच्याही चुकीकडे येते. १९९० साली इराकवर संयुक्त राष्ट्रसंघाचे आर्थिक निर्बंध लादले गेले. १९९९ च्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर झाले. इराकच्या मध्य व दक्षिण भागात पाच वर्षांखालील मृत्यूदर हजारी ५६ वरून १३१ वर गेला आहे, असे त्यात म्हटले होते. १९८० च्या दशकातली घट तशीच चालू राहिली असती तर पाच लाख मुले वाचली असती, असे गणित त्यावरून मांडले गेले. निर्बंधांना आमचा विरोध होताच. तो आकडा आम्ही फलकांवर लिहिला आणि मीही रजेत येथे आले असताना दोन सभांतून तो सांगितला. सरकारच्या माणसांनी दारोदार फिरून जमविलेली ही माहिती होती आणि त्या सरकारला आकडा मोठा दिसण्यातच लाभ होता. दुसऱ्या कोणत्याही देशाच्या तक्त्यावर हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता. येथे विचारला नाही, कारण आकडा आपल्या बाजूचा होता.

राजवट कोसळल्यानंतर २००४, २००६ आणि २०११ साली जी सर्वेक्षणे झाली, त्यांत नव्वदच्या दशकातली ती भयंकर उडी दिसलीच नाही. २०१७ साली टिम डायसन आणि व्हॅलेरिया चेटोरेल्ली या अभ्यासकांनी सारे पुरावे एकत्र मांडून, १९९९ च्या आकड्यांत इराकी राजवटीने फेरफार केला होता, असा निष्कर्ष काढला. निर्बंध निर्दोष होते, असा याचा अर्थ नव्हे. त्यांनी सामान्य माणसाचे हाल केले. त्यांच्या निषेधार्थ संयुक्त राष्ट्रांचे इराकमधील दोन वरिष्ठ अधिकारी, १९९८ साली डेनिस हॅलिडे आणि २००० साली हान्स फॉन श्पोनेक, पदावरून दूर झाले. निर्बंधांविरुद्धची आपली बाजू पाच लाखांच्या आकड्यावाचूनही उभी राहिली असती. आपण ती त्या आकड्यावर टेकविली, आणि आकडा ढासळला तेव्हा खऱ्या दुःखावरही लोक अविश्वास दाखवू लागले. ज्या सभांत मी तो सांगितला, त्या सभांना पुन्हा जाऊन माझी चूक मी कबूल केलेली नाही. आज ते करते आहे.

मग हिशेब कोणी ठेवावा? सरकारने ठेवला तर ते कमी दाखवील किंवा सोयीचे असल्यास अधिक दाखवील, आणि मदतसंस्था देणगीदारांकडे पाहील. याचे एक उत्तर आपल्याच देशात शोधले गेले आहे. १९४७ साली कलकत्त्याजवळ सिंगूर येथे जन्ममृत्यूंची नोंदवही आणि घरोघरी जाऊन केलेली स्वतंत्र यादी ताडून पाहण्यात आली. दोन्हींत किती नावे जुळतात यावरून दोन्हींतून किती निसटली असतील, याचा अंदाज काढण्याची रीत चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ साली मांडली. आपली नमुना नोंदणी पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. एक स्थानिक माणूस वर्षभर नोंद ठेवतो, दर सहा महिन्यांनी दुसरा येऊन त्याची वही न पाहता स्वतंत्र मोजणी करतो, आणि जे जुळत नाही त्याची गावात जाऊन पुन्हा तपासणी होते. या पद्धतीने २०२० साली अर्भक मृत्यूदर केरळात हजारी ६, महाराष्ट्रात १६ आणि मध्य प्रदेशात ४३ नोंदविला. एकाच राज्यघटनेखाली जन्मलेल्या मुलांमधली ही तफावत आहे.

परंतु राज्याची सरासरी मेळघाट किंवा गडचिरोली झाकून टाकते. २००१ साली महाराष्ट्रातील काही स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात घरोघरी मोजणी करून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्यक्षात झालेल्या बालमृत्यूंचा फार मोठा भाग सरकारी कागदांवर आलेलाच नाही, हे त्यातून उघड झाले. आधी नाकारणाऱ्या सरकारला पुढे बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. अहवालामागे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे गडचिरोलीतील काम होते. तेथे गावातल्याच स्त्रियांनी बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बालकांची देखभाल केली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या हेच काम करीत आहेत. जिने मूल वाचवायचे तिनेच त्याची नोंद ठेवायची, असे हे काम आहे. मात्र नोंदीत मृत्यू दिसला की वरून जाब विचारला जात असेल, तर ती बाई मृत्यू लिहील कशाला?

हे आजच सांगण्याचे एक कारण आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सरकारने आपली मदत आखडती घेतली आणि चार दशके चाललेला तो सर्वेक्षणांचा कार्यक्रम बंद केला. इतरांनी काही काळ टेकू दिला, तरी धडा स्पष्ट आहे. ज्यांच्या मुलांची मोजणी परक्या खजिन्यातून होते, त्यांची मुले त्या खजिन्याच्या मर्जीनुसार दिसतात आणि अदृश्य होतात.

म्हणून माझी विनंती साधी आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे आणि नोंदवही आपल्या ग्रामपंचायतीत आहे. आपण प्रत्येकाने आपल्या गावात किंवा वस्तीत वर्षातून दोनदा घरोघरी जाऊन स्वतंत्र यादी करावी, ती वहीशी ताडून पाहावी आणि जी नावे जुळणार नाहीत ती ग्रामसभेत मांडावी. मृत्यू लिहिणाऱ्या आशाताईच्या मागे उभे राहावे. आकडा सरकारच्या विरुद्ध गेला तरी लिहावा आणि आपल्या भाषणाच्या विरुद्ध गेला तरी लिहावा. विचारताना घाई करू नये. ‘मुले किती’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर तो दुसरा प्रश्नही विचारावा आणि बाई बोलेपर्यंत थांबावे.