अठराव्या वर्षानंतर कोण?

(सोलापूर येथे नवी पेठेत कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



नवी पेठ ही सोलापूरची गजबजलेली बाजारपेठ. सकाळी दुकानांची झाडलोट करणारे, दिवसभर कापडाची गाठोडी वाहणारे आणि रात्री शटर खाली ओढणारे हात बहुतांशी तरुणांचे असतात. या बाजाराला त्यांच्या श्रमाची गरज असते, पण शटर खाली आल्यानंतर ही मुले कुठे जातात याची चौकशी बाजार करीत नाही. त्यांच्यापैकी काही जण घरी जातात, काही रात्रशाळेत जातात आणि काही जण हातभट्टीच्या फुग्याकडे, माव्याच्या पुडीकडे किंवा पंक्चरच्या सोल्यूशनने भिजवलेल्या चिंधीकडे वळतात. त्या शेवटच्या गटात विमुक्त आणि दलित वस्त्यांतील मुलांचा भरणा का दिसतो, आणि ती प्रौढ होऊ लागतात नेमक्या त्याच वेळी समाज त्यांचा हात का सोडतो, हा आजचा विषय आहे.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती प्रचलित आहेत. मुलगा बिघडला, त्याला शिक्षा झाली पाहिजे, असे प्रतिष्ठितांची रीत म्हणते. दुसरी रीत आपल्याच चळवळीतील आहे. दारू हे दारिद्र्याचे अपत्य आहे, शोषण संपले की व्यसनही संपेल, तोवर मलमपट्टीत वेळ का दवडावा, असे ती विचारते. पहिल्या रीतीत माणुसकी नाही हे उघडच आहे. परंतु दुसरीही अपुरी आहे. शोषण संपण्याची वाट पाहत असताना आज सतरा वर्षांचा असलेला मुलगा तिशीही गाठत नाही, आणि त्याच्या मरणाची नोंद कोणत्याही लढ्याच्या खात्यावर होत नाही.

कुंपण गेले, नजर राहिली

सोलापूरला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. इंग्रजांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. पुढे मुंबई इलाख्यात या कायद्याखाली ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांत सोलापूरची वसाहत ठळक होती. शहराचा तो भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, भामटा अशा जमातींच्या माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवायचे, हजेरी घ्यायची आणि गिरण्यांत कामाला जुंपायचे, अशी ती व्यवस्था होती. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून स्वतंत्र शाळांत ठेवण्याचा अधिकारही त्या कायद्याने सरकारला दिला होता. सुधारणा या गोंडस नावाखाली पिढ्यांचा धागा तोडण्याचे हे काम चालले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. पण कायद्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली आणि पोलीस ठाण्यातील नजर तशीच राहिली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मध्यमवर्गीय वाचकाला त्या नजरेची धग प्रथम जाणवली. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ साली केंद्र सरकारला अहवाल दिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगांतील जातीय कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्तांना मनमानी अटकेला सामोरे जावे लागू नये असे पोलिसांना बजावले. स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षे उलटून गेल्यावरही हे बजावावे लागते, यातच सर्व काही आले.

अशा नजरेखाली वाढणाऱ्या मुलाच्या मनाचे काय होते? मध्यरात्री दारावर पडलेली लाथ, बापाला ओढून नेतानाचा आक्रोश, शाळेत काही हरवले की सर्वप्रथम स्वतःच्याच दप्तराची होणारी झडती, हे सर्व शरीरात साठत जाते. झोप उडते, छाती धडधडते, राग अनावर होतो किंवा मुलगा अगदीच मुका होतो. मग कोणीतरी ग्लास पुढे करतो आणि त्या रात्री, कित्येक महिन्यांनी, शांत झोप लागते. दारूची पहिली ओढ पुष्कळदा मौजेसाठी नसून झोपेसाठी असते. व्यसन आणि मनोविकार हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत. पुष्कळ मुलांच्या बाबतीत ते एकाच जखमेला फुटलेले दोन अंकुर असतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मनोविकाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. कायद्याला समजलेली ही गोष्ट समाजाला अजून समजायची आहे.

आकडे काय सांगतात

आजन्म सतावणाऱ्या मनोविकारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीनचतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत होते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीने दाखवले. भारतात २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मनोविकार आढळले. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले व्यसनांचे देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के असल्याचे त्यात आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आढळणारी नशेची ही एकच जात, कारण ती सर्वांत स्वस्त आहे. त्याच सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे केवळ एकाला कसला तरी उपचार मिळतो.

आणि राज्याचे वर्तन पाहा. महाराष्ट्रात कडक मद्य पिण्यासाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे. हातभट्टीला वयाची अट नाही, आणि परवानाधारक दुकानातही ती कितपत पाळली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. २०२२-२३ साली राज्याच्या तिजोरीत मद्यावरील उत्पादन शुल्काचे वीस हजार कोटींहून अधिक रुपये जमा झाले. ज्या शहरात मे १९३०च्या उठावाची ठिणगी शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहात पडली आणि ज्या उठावापायी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले, त्या शहराने हा हिशेब विचारायला हवा. परकीय सरकारचा मद्यमहसूल अनैतिक आणि स्वकीय सरकारचा मात्र विकासाचा निधी, हे कोणते तर्कशास्त्र?

अठराव्या वाढदिवसाचा कडेलोट

आता मुख्य मुद्दा. अठरा वर्षांखालील मुलासाठी कागदावर तरी बरेच काही आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल कल्याण समिती आहे, बालगृह आहे. मुलाला दारू वा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. विमुक्तांच्या मुलांसाठी आश्रमशाळा आहेत. अठरावे वर्ष उजाडले की हे सर्व छत्र एका दिवसात बाजूला होते. आश्रमशाळेतून बाहेर पडलेला मुलगा ऊसतोडीला किंवा बाजारातल्या हमालीला जातो. काल ज्याला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ म्हटले जात होते, तो आज पोलिसांच्या लेखी संशयित प्रौढ ठरतो. बालरोग विभागाचा दरवाजा बंद होतो आणि मनोविकार विभागाचा दरवाजा कुठे आहे हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

सुखवस्तू घरातील अठरा वर्षांचा मुलगा प्रौढ होत नाही, त्याला पंचवीस वर्षांपर्यंत वेळ मिळतो. तो नापास होतो, व्यसनात अडकतो, खचतो, पुन्हा उभा राहतो आणि प्रत्येक वेळी बापाचे घर त्याच्या पाठीशी असते. गरिबाच्या मुलाला मात्र एकही चूक परवडत नाही. चुकण्याची आणि सावरण्याची मुभा ही देखील एक मालमत्ता आहे आणि तिचेही वाटप विषम आहे. समाजवादी माणसाने या प्रश्नाकडे याच अंगाने पाहिले पाहिजे.

बाल न्याय कायद्याच्या ४६व्या कलमात संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षणाची तरतूद आहे. नियमांनी ती एकविसाव्या आणि अपवादात्मक स्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत नेली आहे. परंतु ती संस्थेत राहिलेल्यांपुरतीच आहे. तांड्यावर, पालावर आणि झोपडपट्टीत वाढलेला मुलगा संस्थेत नव्हता, म्हणून त्याला अनुरक्षण नाही. ही मर्यादा मोडून काढण्याची मागणी पक्षाच्या मागणीपत्रकात आली पाहिजे.

सातासमुद्रापलीकडचे नातेवाईक

हा अनुभव एकट्या सोलापूरचा नाही. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत विकल्या जाणाऱ्या ‘क्रॅक’ कोकेनच्या पाच ग्रॅमला तीच शिक्षा ठेवली, जी भुकटीच्या पाचशे ग्रॅमला होती. पदार्थ मुळात एकच, पण माणसांचा रंग निराळा. हे प्रमाण २०१० साली कमी झाले, तेही अठरास एक इतकेच. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने रुग्णालयात डांबले जाण्याचे कृष्णवर्णीयांचे प्रमाण २०२२-२३ साली गोऱ्यांच्या सुमारे साडेतीन पट होते. उपचार हवा असताना मिळत नाही आणि मिळतो तेव्हा पोलिसाच्या हातून मिळतो, ही तक्रार ब्रिक्स्टनची आणि सेटलमेंटची एकच आहे.

पण त्या समाजाने निव्वळ तक्रार केली नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील लिंकन रुग्णालयाचा एक भाग यंग लॉर्ड्स, ब्लॅक पँथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताब्यात घेऊन व्यसनमुक्तीचे केंद्र सुरू केले. उपचाराबरोबर राजकीय शिक्षण दिले आणि व्यसनातून सावरलेल्यांनाच नव्या रुग्णांचे सोबती केले. त्याच ब्लॅक पँथरचे नाव समोर ठेवून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने त्यांच्याकडून त्वेष घेतला. रुग्णालयाच्या दाराशी चाललेले हे दुसरे काम मात्र येथे फारसे पोचले नाही.

महाराष्ट्राला स्वतःचीही परंपरा आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हा विचार त्या संस्थेने मराठी घराघरांत पोचवला. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले, हातभट्टी गाळणारी गावे व तांडे अधिकाऱ्यांना दत्तक दिले आणि भट्ट्या मोडतानाच पर्यायी रोजगाराचा विचार केला. पोलिसांनी केलेल्या चांगल्या कामाला चांगले म्हणण्यात पुरोगाम्यांना संकोच वाटू नये. मात्र अधिकाऱ्याची बदली होते, तांडा तेथेच राहतो. टिकून राहण्याचे काम संघटनेचे आहे.

कार्यकर्त्याने काय करावे

लोहियांनी फावडे, मतपेटी आणि तुरुंग अशी तीन साधने सांगितली. या प्रश्नात तिन्ही लागतील, पण आरंभ फावड्याने करावा लागेल.

प्रत्येक शाखेने आपल्या भागातील सोळा ते पंचवीस वयाच्या पाच-सहा तरुणांची सोबत पत्करावी. सोबत म्हणजे प्रवचन नव्हे. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या मनोविकार विभागात त्याच्याबरोबर रांगेत उभे राहणे, पुढच्या तारखेची आठवण ठेवणे, औषध अर्ध्यावर सुटले तर घरी जाऊन विचारणे, हे सोबतीचे काम. ज्याच्या हाताला सकाळी प्यायल्याशिवाय कंप सुटतो, त्याला शपथ घालून एका दिवसात दारू सोडायला लावू नये. अशा वेळी झटके येतात, भ्रम होतो, प्राणावरही बेतते. त्याला डॉक्टरकडेच न्यावे. आणि सुटलेली दारू पुन्हा सुरू झाली तर विश्वासघात झाला असे मानू नये. घसरणे हा या आजाराचा भाग आहे. तिसऱ्या वेळीही दार उघडे ठेवणारा माणूस त्याला भेटला पाहिजे. मध्यरात्री बोलायला कोणी नसेल तेव्हा २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक त्याच्या खिशात असावा.

व्यसनमुक्तीच्या नावाने मारहाण करणाऱ्या, कोंडून ठेवणाऱ्या दुकानांपासूनही त्याला वाचवावे लागेल. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडात जखडलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७च्या कायद्याने पूर्णतः निषिद्ध केले आहे. तो कायदा उपचाराला हक्क म्हणतो. हक्क आहे म्हणजे मागता येतो, आणि नाकारला तर भांडता येते.

येथे मतपेटी आणि तुरुंग येतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात रिक्त पदे किती, तालुक्याच्या रुग्णालयात मनोविकाराचा डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो, औषधे मिळतात की बाहेरून आणावी लागतात, हे प्रश्न प्रत्येक उमेदवाराला विचारले पाहिजेत. मद्याच्या महसुलातील ठरावीक वाटा तरुणांच्या उपचारासाठी आणि रोजगारासाठी बांधून घेतला पाहिजे. विमुक्त वस्तीत निरपराध मुलाला रात्री उचलून नेले, तर सकाळी पोलीस ठाण्यासमोर बसण्याची तयारी हवी. ज्या संघटनेने औषधाच्या रांगेत सोबत केली, तिच्याच धरण्याला त्या मुलाची आई विश्वासाने येईल.

याने क्रांती होणार का, असा प्रश्न कोणी विचारील. पाच मुलांच्या सोबतीने व्यवस्था बदलत नाही, हे खरेच. परंतु ज्या पक्षाला आपल्या वस्तीतील पाच तरुणांची नावे, त्यांची झोप आणि त्यांची भीती ठाऊक नाही, त्याने व्यवस्था बदलण्याची भाषा कोणाच्या वतीने करावी? राज्याने अठराव्या वर्षी या मुलांचा हात सोडला आहे. शाखांच्या पुढील बैठकीत पहिला ठराव त्यांची यादी करण्याचा असावा, आणि त्या यादीत प्रत्येक नावापुढे सोबत करणाऱ्या कार्यकर्त्याचेही नाव असावे.