झाकली मूठ, उघडं आभाळ

(फैजपूर येथील जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. गावोगाव लोकांनी ते टीव्हीवर, मोबाईलवर पाहिलं. पोरांनी फटाके फोडले. आणि पारावर नेहमीचा प्रश्न आला, 'चंद्रावर गेले, बरं झालं. पण आमच्या कापसाला त्याचं काय?'

शहरातली शिकलेली माणसं या प्रश्नाला हसतात. मी हसत नाही. ज्याच्या घामातून देशाची तिजोरी भरते, त्यानं हिशोब विचारायलाच पाहिजे. फक्त तो विचारताना चंद्राकडे पाहू नका. चंद्र पावणेचार-चार लाख किलोमीटर लांब आहे. त्याच्या पुष्कळ अलीकडे, सात-आठशे किलोमीटर उंचीवर, म्हणजे जळगावहून रेल्वेनं मुंबईला जाऊन परत यावं जेमतेम तेवढ्या अंतरावर जे उपग्रह फिरताहेत, त्यांच्याकडे पाहा. ते दर काही दिवसांनी तुमच्या शिवारावरून जातात आणि तुमच्या कपाशीचं चित्र काढतात. तुम्हाला न विचारता.

आभाळातून काय दिसतं?

आपल्या देशानं शेती, पाणी, जंगल पाहण्यासाठी आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ ला सोडला. त्याच वर्षी आपल्या राज्यात नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभं राहिलं. त्या पहिल्या उपग्रहाचा त्यातल्या त्यात बारीक कॅमेरा जमिनीचा ३६ मीटर लांब, ३६ मीटर रुंद तुकडा एका ठिपक्यात पाहायचा. म्हणजे एका ठिपक्यात १३ गुंठे. ठोकळ नजर झाली.

आता युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत. त्यातला पहिला २०१५ साली गेला. त्यांचा ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद आहे. म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. हिशोब सरळ आहे: एक ठिपका म्हणजे एक गुंठा. तुमच्या एक एकर कोरडवाहू कपाशीचे चाळीस ठिपके वरून वेगवेगळे दिसतात, आणि आभाळ मोकळं असेल तर पाच-पाच दिवसांनी पुन्हा दिसतात.

या ठिपक्यातून पीक कसं कळतं? हिरवं पान तांबडा प्रकाश खाऊन टाकतं, कारण त्यावर ते आपलं अन्न तयार करतं. तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला न दिसणारा प्रकाश मात्र ते परत फेकतं. पान निरोगी असेल तर जास्त फेकतं. पाण्याचा ताण बसला, लाल्या आला, की कमी फेकतं. उपग्रह हे दोन्ही प्रकाश मोजतो आणि पीक जोमात आहे की कोमात, याचा आकडा काढतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात, म्हणून रडारचे उपग्रह वेगळे. त्यांच्या लहरी ढगातून पार होतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरीकोट्याहून गेलेला निसार हा भारत-अमेरिकेचा भागीदारीतला उपग्रह त्याच जातीचा. तो दर बारा दिवसांनी त्याच जमिनीवर परत येतो.

उपग्रहाला सगळं दिसतं, असं मात्र समजू नका. बोंडात शिरलेली गुलाबी अळी त्याला दिसत नाही. कपाशीत तुरीचे तास घातले तर ठिपक्यात दोन्ही पिकं मिसळतात. काळ्या रानातली दादर ज्वारी नुसत्या ओलीवर उभी आहे की विहिरीच्या पाण्यावर, हे त्याला हमखास सांगता येत नाही. तेव्हा उपग्रहाचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. तो एक साक्षीदार आहे. साक्षीदाराची उलटतपासणी करता आली पाहिजे.

७२ सालचा धडा

आता भावाकडे येऊ. १९७२ साल म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो, खडी फोडण्याची कामं आठवतात, सुकडी आठवते. त्याच सालात अमेरिकेत काय झालं ते ऐका.

त्या वर्षी रशियात गव्हाचं पीक बुडालं. ते किती बुडालं हे फक्त रशियाच्या सरकारला ठाऊक. त्यांनी गाजावाजा न करता, एकेका व्यापारी कंपनीशी वेगवेगळी बोलणी करून, उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत अमेरिकेच्या पिकाच्या सुमारे पाव हिश्शाइतका गहू खरेदी केला. टेक्सास, ओक्लाहोमा भागातला गहू लवकर निघतो. तिथल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी तोवर मिळेल त्या भावानं माल घालून टाकला होता. खरेदीची बातमी फुटली आणि वर्षभरात गव्हाचा भाव दुपटीच्या वर गेला. पीक शेतकऱ्याचं, घाम शेतकऱ्याचा. पण जगात टंचाई आहे ही बातमी त्याच्याजवळ नव्हती. तेवढ्या एका अज्ञानापायी तो लुटला गेला.

योगायोग असा की जमीन पाहणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह त्याच महिन्यांत, २३ जुलै १९७२ ला, वर गेला होता. पुढं दोन वर्षांनी त्याच्या चित्रांवरून परदेशातल्या गव्हाचा अंदाज काढण्याचं मोठं काम अमेरिकेनं हाती घेतलं. १९७७ साली त्यांनी रशियाच्या गव्हाचा अंदाज ऑगस्टमध्येच बांधला. रशियानं आपला अधिकृत आकडा पुढच्या वर्षी जाहीर केला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले. दुसऱ्याच्या शेतातलं पीक मालकाच्या घोषणेआधी मोजता येऊ लागलं.

यातून आपण काय शिकायचं? बाजारात आधी कळतं तो जिंकतो. दिवाळीच्या सुमारास खेडा खरेदीला दारात उभा राहिलेला माणूस तुमचा कापूस हातात घेऊन नाक मुरडतो, तेव्हा गुजरातेत पीक किती, तेलंगणात किती, जगात किती, याचा काही अंदाज त्याच्या मागच्या साखळीत कुणाजवळ तरी असतो. तुमच्याजवळ फक्त तुमचा ढीग असतो. लँडसॅटची चित्रं २००८ पासून फुकट आहेत, सेंटिनेलची फुकट आहेत. पण फुकट असलेली पोथी ज्याला वाचता येते त्याच्याच कामाची. मोठ्या कंपन्या ती वाचायला माणसं ठेवतात. आपण कुणाला ठेवलं आहे?

पीक विम्यातही हा आकडा शिरला आहे. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पन्नाच्या अंदाजात उपग्रहावरून काढलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन देण्याचं केंद्रानं ठरवलं. सुरुवात भात-गव्हापासून झाली. पुढं दुसरी पिकंही येत जातील. मला त्यात वाईट दिसत नाही. पीक कापणी प्रयोग कागदावर कसे होतात, हे या सभेत कुणाला सांगायला नको. पण माझ्या मंडळाचा आकडा आभाळातून काढला असेल तर तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे: कोणत्या तारखेचं चित्र, पीक कोणतं धरलं, उंबरठा उत्पन्न किती. शिवार उघडं आहे, आभाळ उघडं आहे, तर आकडाच तेवढा बंद दाराआड का?

दप्तर कुणाच्या हातात?

ही झाली शेताची माहिती. आता माणसाची माहिती.

१९३६ च्या डिसेंबरात याच फैजपुरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. शेतसारा, खंड, कर्ज यांवर कार्यक्रम मंजूर झाला. त्या काळी शेतकऱ्याची सगळी कुंडली गावच्या दप्तरात, फडक्यात बांधलेली असायची. दप्तर ज्याच्या हातात, गाव त्याच्या हातात. पण ते दप्तर एका गावापुरतं होतं. पळवायचं तर पाठीवर घेऊन पळावं लागलं असतं.

नवं दप्तरही आपल्याच खानदेशातून सुरू झालं. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. प्रधानमंत्री आले होते. त्यानंतर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली: शेतात उभं राहून मोबाईलनं पिकाचा फोटो काढायचा. मग आधारला जोडलेला अकरा आकडी शेतकरी ओळख क्रमांक आला आणि एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला. त्याच वर्षीच्या हंगामात हमीभावानं कापूस घालायचा तर सीसीआयच्या 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. जमीन, पीक, बँक खातं, मोबाईल, अंगठा, सगळं एका दोऱ्यात ओवलं गेलं.

याचे फायदे मी नाकारत नाही. मधला दलाल काही ठिकाणी गेला, पैसा थेट खात्यात येतो. पण आपल्या म्हाताऱ्या माणसांनी एक म्हण शिकवली आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण बाजाराची आहे. ज्याची गरज उघडी पडली त्याचा भाव पडला. तुमच्या नावावर किती कर्ज थकलं आहे, खात्यात किती शिल्लक आहे, पोरीचं लग्न कोणत्या महिन्यात धरलं आहे, एवढं समोरच्याला कळलं तर तो भाव का वाढवेल? दोन दिवस थांबेल. तुम्हीच ट्रॅक्टर भरून त्याच्या दारात जाल. खाजगीपणा म्हणजे शहरातल्या बाबू लोकांचे चोचले, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा की शेतकऱ्याला तो सगळ्यात जास्त लागतो, कारण त्याला दरवर्षी सौदा करायचा असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली माणसाच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण अनुदान, दाखले, परवाने यांसाठी सरकारला काही अटींवर वेगळी संमती न घेता ही माहिती वापरण्याची मुभा त्या कायद्यात आहे. आणि सरकारशी आपला संबंध बहुतेक अनुदान आणि दाखल्यांपुरताच येतो! तेव्हा कायद्यावर सगळा भार टाकून निजू नका.

चोर कोठून शिरतो?

कुलूप कितीही भारी असो, चोर खिडकीतून येतो. २०२२ साली पीएम-किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचं एका संशोधकानं दाखवलं. मग ते भोक बुजवलं गेलं. २०२३ साली वेगवेगळ्या राज्यांत चोरीच्या तक्रारी आल्या: जमिनीच्या खरेदीखतावरचे अंगठ्याचे ठसे उचलायचे, त्यावरून रबरासारखा खोटा अंगठा बनवायचा, आणि आधारवर चालणाऱ्या यंत्रातून खात्यातले पैसे काढायचे. त्या व्यवहाराला ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येतं. अंगठा बदलता येत नाही.

म्हणून घरी गेल्यावर एवढं करा. आधारच्या संकेतस्थळावर किंवा त्याच्या ॲपवर अंगठ्याला कुलूप लावण्याची सोय आहे, ती वापरा. रेशनला, नोंदणीला अंगठा लागेल तेव्हा ते थोड्या वेळापुरतं उघडता येतं. त्यासाठी आधारला तुमचाच मोबाईल नंबर जोडलेला हवा. केंद्रावरच्या पोराचा किंवा भाच्याचा नको. झेरॉक्स द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली आधारची प्रत मिळते ती द्या, आणि तीवर कशासाठी दिली ते तारखेसह लिहा. 'पीएम किसानची यादी' म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली फाईल उघडू नका. तसली फाईल मोबाईलमध्ये बसली की तुमचे ओटीपी चोराला जातात. ओटीपी म्हणजे तुमची सही. कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्या सावकाराला आपले आजोबा ओळखून होते; फोनवर ओटीपी मागणाऱ्याला आपण ओळखू या. आणि तरीही पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. त्याच घटकेला १९३० नंबरवर फोन करा, बँकेला कळवा. जितका उशीर, तितका पैसा लांब.

मागणी काय?

आता जिल्ह्याच्या पातळीवर आपलं मागणं काय असावं, ते सांगून थांबतो.

एक: शिवाराची जी माहिती आभाळातून घेतली जाते, ती शिवाराच्या मालकाला मराठीत, वेळेवर आणि फुकट मिळाली पाहिजे. पेरा किती, पीक कसं, अंदाज काय, हे वेचणी सुरू होण्याआधी कळलं पाहिजे. माल विकून झाल्यावर कळलेला आकडा इतिहासाच्या पुस्तकात घाला.

दोन: शेतकऱ्याच्या नावानं कोणत्या कचेरीत, कोणत्या कंपनीकडे कोणती माहिती गेली, याचा उतारा सातबाराच्या उताऱ्यासारखा त्याला मागता आला पाहिजे.

तीन: यंत्रानं अंगठा ओळखला नाही, नेटवर्क नव्हतं, एवढ्यावर कुणाचा हमीभाव, विमा किंवा रेशन अडता कामा नये. वखर-कोळप्यानं झिजलेला अंगठा हा शेतकऱ्याचा गुन्हा नव्हे.

आज उलटा कारभार चालला आहे. जे सगळ्यांचं, ते आभाळातलं चित्र आपल्यापुरतं बंद. आणि जे आपलं एकट्याचं, ती मूठ सगळ्यांपुढे उघडी. हे सुलटं करायचं आहे. पुढच्या तालुका बैठकीला प्रत्येक गावातून दोन तरुण पोरं-पोरी यावीत: एक जण उपग्रहाचं चित्र वाचायला शिकेल, दुसरा गावातल्या अंगठ्यांना कुलूप लावून देईल. येताना नावं लिहून आणा.