सहीच्या आधी विचार



बैल घ्यायचा झाला तर माणूस त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. पण घरातली जन्माची गोष्ट मात्र पुष्कळदा एका बैठकीत, भिडेखातर ठरते. भीड ही भिकेची बहीण, असे जुनी माणसे म्हणत ते उगाच नव्हे.

एका घरचे उदाहरण पाहू. वडील वारले. मागे आई, दोन मुलगे व सासरी नांदणारी एक मुलगी. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली चार एकर जमीन, तीत एक विहीर. मृत्युपत्र नव्हते. तेराव्याला पाहुणे जेवून उठले आणि थोरल्याने हक्कसोडपत्राची गोष्ट काढली. बहीण म्हणाली, "माहेर तुटू नये एवढंच. कुठं सही करू सांग, दादा."

मामा म्हणाले, "सही आज नाही. आधी मार्ग किती आहेत ते बघू."

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा जमिनीत आई, मुलगे व मुलगी यांचा सारखा हिस्सा. म्हणजे येथे प्रत्येकी एक एकर. वडिलोपार्जित जमिनीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे.

मामांनी वहीत तीन मार्ग मांडले. पहिला हक्कसोडीचा. तूर्त वाद नाही. पण नोंदणी झालेला कागद नुसत्या पश्चात्तापाने परत फिरत नाही. दुसरा वाटपाचा. ज्याचे त्याला मिळते. पण विहीर एकच, पाण्याच्या पाळीवरून कुरबूर होणार आणि बांधातही जमीन जाणार. तिसरा, फक्त वारसनोंद करून चौघांची नावे सात-बाराला लावण्याचा. कोणाचे काही जात नाही. पण जमीन गहाण ठेवताना वा विकताना सर्वांच्या सह्या लागतात.

मग त्यांनी भाचीला विचारले, "पोरी, उद्या जावईबापूंचं काम सुटलं तर?"

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मामा, दोन लेकरं आहेत मला."

तोवर हे तिला कोणी विचारलेच नव्हते. धाकटा चिडून उठून गेला. थोरला खाली मान घालून बसला. आई म्हणाली, "मलाही कुणी विचारलं नाही. माझंही नाव लागू द्या."

वारसनोंद झाली. भाऊ जमीन कसतात, सुगीला बहिणीकडे धान्य जाते. धाकट्याचा अबोला दिवाळीपर्यंत टिकला. भाऊबीजेला तो तिच्या दारी आला. हक्क सोडायचा की वाटप मागायचे, हे ठरवणे आजही तिच्या हाती आहे.

लग्न असो, घर विकणे असो, कर्ज असो. प्रत्येक मार्गाचे बरेवाईट कागदावर मांडावे. ज्याला भोगायचे त्याला आधी विचारावे. आणि जे मागे फिरत नाही, त्यावर दुःखाच्या वा घाईच्या दिवशी सही करू नये. अशी सुबुद्धी घरोघरी नांदो, हीच प्रार्थना.